इटलीचे चितारी आणि नव्या चुलीचा पाट

“चेडवान तोंडान मागूंक ना, पूण मागलां तें मागलांच,” मामा जनेलापलीकडे आईला सांगत होता. “आमच्या घरचीं चेडवां केन्ना तोंडान मागतात? तुवें केन्ना मागलें?”

मी जनेलाच्या, म्हणजे खिडकीच्या, आत पेजेचा वाडगा मांडीवर घेऊन बसले होते. घास तोंडातच राहिला. मी कोणाकडे काही मागितल्याचे मला आठवत नव्हते. त्या घरात पेजेबरोबरचे लोणचे संपले तरी मी वाडग्यातच बघत राहायचे. कोणाचे तरी लक्ष जायचे, मग ते वाढायचे. मामा माझ्याबद्दल बोलत असणार हे मात्र लगेच कळले, कारण कारापूरच्या त्या घरात त्या वेळी चेडू, म्हणजे मुलगी, म्हणावे असे दुसरे कोणी नव्हते.

“पूण मागलां कितें?” आईने विचारले.

“शाळा,” मामा म्हणाला, आणि त्याचा आवाज भरून आला.

शाळा म्हणजे माझी शाळा नव्हे. माझी शाळा म्हापशाची, इंग्रजी माध्यमाची, आणि ती त्या वर्षी संपली होती. मामाची शाळा म्हणजे चित्रशाळा, गणपतीची. घराला लागून एक लांब पडवी, वर मंगलोरी कौले, खाली शेणाने सारवलेली जमीन, आणि चवथ जवळ आली की पडवीभर गणपतीच गणपती: कोणाला डोके नाही, कोणाला सोंड नाही, कोणी नुसते मांडी घालून बसलेले पोट. आमचे घर मांद्र्याला, समुद्रापासून चालत जाण्याच्या अंतरावर. सीझनला आम्ही मागच्या खोल्या परदेशी पाहुण्यांना द्यायचो. पाऊस लागला की पाहुणे जायचे, बाबा टॅक्सीला आच्छादन घालून ठेवायचे, आणि आई मला घेऊन म्हापशावरून बस बदलत माहेरी यायची. बारावीनंतरच्या त्या पावसात आम्ही नेहमीपेक्षा लवकर आलो, कारण पुढे काय करायचे ते माझे ठरत नव्हते. घरी रोज कोणी ना कोणी ते विचारायचे, आणि मी पायाच्या अंगठ्याकडे बघायचे.

कारापूरला सकाळ व्हायची ती पाववाल्या पोदेराच्या सायकलच्या भोंग्याने. मामी उंडे घ्यायची, त्यातला एक मला बाजूला काढून ठेवायची, कडक, वरून चर पडलेला, कारण मला तसाच आवडतो हे तिला न सांगता कळले होते. पाठोपाठ पडवीतून माती आपटल्याचा आवाज सुरू व्हायचा. भिकूतात्या माती मळायचा. तो सावंतवाडीकडचा, हंगामापुरता येणारा, मामाच्याच वयाचा. चिकणमातीचा मोठा गोळा डोक्यावर उचलून फळीवर आपटायचा आणि प्रत्येक वेळी “हां!” म्हणायचा, जणू मातीनेच काही विचारले होते. दुपारी मिश्र भाज्यांचे खतखते किंवा अळू. श्रावण लागला की मासळी बंद. संध्याकाळी देवळात घुमट या मातीच्या वाद्यावर आरत्यांची तालीम चालायची, आणि वाऱ्याबरोबर तिचे तुकडे यायचे. त्या आवाजांत मी सुखी होते. तिथे कोणी मला पुढचे विचारत नसे. सगळ्यांना पुढची एकच गोष्ट ठाऊक होती, चवथ, आणि ती कोणासाठी थांबत नाही.

तिथे मी सोबत एक पुस्तक नेले होते. आमच्या मांद्र्याच्या घरात पुस्तके विकत आणली जात नसत, ती मागे राहत. पाहुणे चपला, अर्ध्या बाटल्या, टोप्या विसरून जात, तशी पुस्तकेही. एका थंडीत एक वयस्क बाई सबंध सीझन राहून गेल्या, त्यांच्या उशीखाली हे निघाले: जाडजूड, खाऱ्या हवेने फुगलेले, इंग्रजी. पाचशे वर्षांपूर्वीच्या इटलीतल्या चितारी-मूर्तिकारांची चरित्रे. त्यात चित्रेही होती, पण काळीपांढरी, आणि पाने ओलीने एकमेकांना चिकटलेली. खरे सांगायचे तर त्या चित्रांकडे मी फारसे बघितलेच नाही. मला माणसे हवी होती. प्रत्येक प्रकरण बापाच्या धंद्यापासून सुरू व्हायचे. कोणाचा बाप सोनार, कोणाचा खाटीक, कोणाचा कातडी कमावणारा. मग तो पोर कोणा मास्तराच्या कामशाळेत जायचा, रंग वाटायचा, बोलणी खायचा, आणि एक दिवस मास्तराच्या चित्राच्या कोपऱ्यात असा काही देवदूत काढायचा की मास्तर आपला कुंचला खाली ठेवायचा. कोणाचे कोणाशी पटत नव्हते, कोण रागाने गाव सोडून गेला, कोणाला मरताना कोणते काम अपुरे राहिल्याचे वाईट वाटले, हे मी पुन्हा पुन्हा वाचायचे. मी आज चिताऱ्यांच्या इतिहासाचे जे काम करते त्याची सुरुवात तिथे झाली असे लोकांना सांगते, आणि त्यांना वाटते त्या चित्रांनी मला वेड लावले. चित्रे मला पुष्कळ नंतर दिसू लागली. आधी दिसली ती भांडणे.

सांगायला लागले ते भिकूतात्यामुळे. एका सकाळी वीज गेली, रेडिओ बंद पडला, आणि पडवीतली शांतता त्याला सहन होईना.

“बाय, ता पुस्तक केवढा जाड आसा! उशाक घेतलस तर मान मोडात. तेत काय ता आमकापण सांग मगे.”

मी अंड्यांवाल्यापासून सुरुवात केली. तो फ्लॉरेन्सचा एक चितारी. रंगासाठी सरस उकळायला ठेवला की त्याच भांड्यात ढीगभर अंडी सोडायचा, पुन्हा वेगळा विस्तव नको म्हणून, आणि टोपलीत भरून दिवसभर तीच खात काम करायचा. माझे मराठी अडखळत होते, अर्धे शब्द इंग्रजीतून येत होते. तरी मातीचे आपटणे थांबले.

“सरसाचो वास नाय लागलो अंड्यांक?” भिकूतात्याने विचारले.

“हंगामांत वास कोणाक कळटा?” मामा मूर्तीवरून मान न उचलता म्हणाला. “म्हाका गेल्या वर्सा मामीन उसळ म्हूण कितें वाडलें तें चवथ जातकच कळ्ळें.”

“कितें वाडलें?” मी विचारले.

“उसळच,” आतून मामी ओरडली. “पूण कळ्ळें ना तें खरें!”

त्या दिवसापासून रोज एक चितारी. त्यांची नावे तिथे कोणाच्या जिभेवर बसली नाहीत, म्हणून त्यांना घरची नावे मिळाली. अंड्यांवाला ‘तांतयांवालो’ झाला. दगडफोड्याच्या बायकोचे दूध पिऊन वाढलेला आणि पुढे छतावर चित्रे काढताना डोळ्यात रंग गळून घेणारा, तो ‘छपरावयलो’. एक जण रात्र रात्र कागदावर लांबच्या-जवळच्या रेघा मारत बसायचा आणि बायको झोपायला बोलवायची तर त्या रेघांचेच कौतुक तिला सांगायचा. त्याची गोष्ट ऐकून मामी दारात येऊन म्हणाली, “हो म्हज्या घोवाचो भाव. जत्रेंत चुकिल्लो.” मला स्वतःला त्या दिवसांत नवल वाटायचे. घरी, शाळेत, कोणी चार माणसांत नाव विचारले तरी ते दुसऱ्याच कोणाला सांगावे लागायचे. इथे मी तासभर बोलत होते. माझ्याबद्दल काही सांगायचे नसेल तर मला बोलता येते, हे मला त्या पडवीत कळले.

फक्त एका चिताऱ्यावर मामा भडकला. त्याला सगळ्यांत मोठा मानतात, पण तो कामे हाती घ्यायचा आणि अर्धी सोडायचा. कधी पाण्याचा अभ्यास, कधी पक्ष्यांचा, आणि गिऱ्हाईक वाट बघत बसलेले.

“पाट घेवन काम अर्दें सोडलें?” मामाने हातातली कोरणी खाली ठेवली. “असो कसलो चितारी?”

“चवथ चुकवन बघ म्हणा एकदा,” भिकूतात्या म्हणाला. “लोक घराक वाट ठेवचे नाय.”

“त्यांच्यात पाट देत नसावेत,” मी म्हणाले.

“म्हूणच तर!” मामा म्हणाला, आणि त्याचे समाधान झाले.

पाट म्हणजे ज्यावर गणपती बसतो तो लाकडी पाट. आमच्याकडे गणपती दुकानातून निवडून आणत नाहीत. प्रत्येक घराची चित्रशाळा ठरलेली असते, पिढ्यान्‌पिढ्या. श्रावणात घरचा माणूस आपला पाट, नारळ आणि विडा घेऊन येतो, मामा पाटाला हळदकुंकू लावून मातीचा पहिला गोळा त्यावर ठेवतो, आणि तो ठेवला की बोलणे झाले. त्या घराचा गणपती त्याच पाटावर घडतो, आणि पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी, मामा असेतो आणि मामाच्या मागून जो असेल तो असेतो. आणलेला पाट रिकामा परत न्यायचा नसतो. परत जाताना कोणी पाहिला तर त्या घरावर काही तरी आले असे समजतात. म्हणून मामाने कित्येक वर्षे नवा पाट घेतला नव्हता. त्याचा मुलगा वेर्ण्याला औषधांच्या कारखान्यात होता. बरी नोकरी होती, आणि मातीत हात घालायचा त्याला कंटाळा होता. जुनी घरे मामा सांभाळत होता. नवे कोणी विचारायला आले की दारातच सांगायचा, “म्हज्या उपरांत कोण? फट कित्याक सांगूं?”

मामी पडवीत बसायची, पण भिंतीकडेला, स्वयंपाकघराच्या दाराशी, म्हणजे उठायला सोपे पडावे. हात ती करायची. गणपतीचे चार हात, बोटे, नखे, मोदक धरलेली मूठ, आणि उंदीर. तिचे उंदीर असे असायचे की लहान मुले आधी त्यांच्याकडेच धावत. पूर्वी महिन्याच्या त्या दिवसांत ती पडवीची पायरीही चढायची नाही, त्यामुळे तिचे काम तुटक होते आणि ते काम आहे असे कोणाच्या मनातच आले नाही. ते दिवस तिचे कधीच सरले होते आणि ती रोज सकाळपासून बसायची, तरी मनातली गोष्ट बदलली नव्हती. गिऱ्हाईक आले की ती उठून चहा ठेवायला जायची. गिऱ्हाईक मूर्तीच्या हातांकडे बघून मामाला म्हणायचे, “हात म्हळ्यार तुमचेच!” मामी चहा देऊन आत येताना मला हळूच म्हणायची, “चाय कोणाच्या हाताची ती तरी विचारतले म्हूण रावतां हांव.” ती हे हसत म्हणायची. मी हसायचे नाही, आणि माझे हे न हसणे तिच्या ध्यानात यायचे.

तिनेच एकदा विचारले. छपरावयल्याची गोष्ट संपली होती, भिकूतात्या हात धुवायला गेला होता, मामा दारात ओले फडके पिळत उभा होता.

“बाय, तुज्या त्या पुस्तकांत सगळे दादलेच? तांच्यो बायलो कितें करताल्यो? तांतयां उकडटाल्यो?”

मी त्या दुपारी पुस्तक चाळले. मागच्या बाजूला एक लहानसे प्रकरण होते, मी ते कधी उघडले नव्हते कारण पाने चिकटली होती. सुरीने सोडवली. दुसऱ्या दिवशी मामीला त्या बाईची गोष्ट सांगितली. ती एका फळाच्या कोयीवर कोरीवकाम करायची. आपल्या जर्दाळूच्या बीएवढी कोय, त्यावर अख्खी गर्दी, माणसांचे चेहरे दिसावेत अशी. ते बघून तिला देवळाच्या दर्शनी भिंतीवर संगमरवर कोरायला दिला. मग एक चितारी तिच्यावर जळू लागला, तिच्याबद्दल नाही नाही ते बोलत सुटला. तरी तिने कोरलेला दगड तिथे आहे.

मामीच्या हातात गणपतीचा एक हात होता, कोपरापर्यंतचा. ती तो धरूनच ऐकत होती.

“पुस्तकांत तिचें नांव आसा?”

“आसा.”

“पुराय?”

“पुराय. आडनांवासयत.”

“बरें,” मामी म्हणाली, आणि करंगळीचे नख करू लागली.

मी मान वर केली तर मामा दारातच उभा होता. फडके पिळायचे राहिले होते आणि त्यातले पाणी त्याच्या पायावर ठिबकत होते. तो माझ्याकडे असा बघत होता की मला वाटले चुलीचा धूर त्याच्या डोळ्यात गेला.

दुसऱ्या सकाळी जनेलापलीकडचे ते बोलणे मी ऐकले. मामाचे म्हणणे चुकीचे नव्हते. आमच्याकडे खरेच कोणी थेट मागत नाही. आत्याला नवी साडी हवी असली की ती शेजारणीच्या साडीची तारीफ करते. बाबांना जेवायला हवे असले की ते मांजराला भूक लागल्याचे सांगतात. मग एक मुकी पोर महिनाभर चिताऱ्यांचीच चरित्रे सांगते आणि शेवटी एका चितारी बाईचे सांगते, तर ती काय मागते आहे हे कोणा मामाला कळणार नाही?

त्याने उशीर केला नाही. त्याच दिवशी बाबांना फोन केला, पणजीच्या कलेच्या कॉलेजात चौकशी करायला सांगितली, आणि माझ्यासाठी पडवीत आपल्या शेजारी पाट मांडून मातीचा गोळा ठेवला. “सुरवात उंदरान कर.” मी केली. सगळी सकाळ केली. भिकूतात्या वाकून बघून गेला, पुन्हा आला, आणि शेवटी त्याला राहवले नाही.

“बाय, ह्यो उंदीर नाय गो. ह्यो नीरफणस.”

“सुरवातीक सगळ्यांचे तशेच,” मामा म्हणाला. मामीने त्या नीरफणसाला दोन कान लावले. तो कान असलेला नीरफणस झाला.

मला येत नव्हते, आणि त्याहून वाईट म्हणजे मला यावे असे वाटतही नव्हते. माती नखांत गेली की माझ्या अंगावर काटा यायचा. ते सांगायला तोंड मात्र उघडेना. आईला सांगावे म्हणून मी तिच्याजवळ जाऊन बसले. ती नारळ खवत होती. माझ्या आधी तीच बोलली. “म्हाका बाबा दाराभायर उबे करताले,” ती म्हणाली. तिचे बाबा म्हणजे माझे आजोबा, आणि दादा म्हणजे मामा. “भितर दादा, भायर हांव. माती दिसताली, हात लावंक मेळनाशिल्लो. आतां तूं भितर बसतलें.” तिच्या चेहऱ्याकडे बघून मी खवलेला नारळ ताटात सारखा करू लागले. आई तेव्हा होती त्याहून मी आज वयाने मोठी आहे, आणि तो चेहरा मला अजून तसाच आठवतो.

मग मामाने जेवताना सांगितले की बाबुलोकाका सोमवारी येणार. बाबुलोकाका नदीपलीकडचा, नात्यातला नव्हे पण ओळखीचा. त्या घरात भाऊ वेगळे झाले होते. नवी चूल झाली की नवा गणपती लागतो, नवा पाट लागतो, आणि तो पाट घ्यायला मामाने इतक्या वर्षांत पहिल्यांदा हो म्हटले होते.

“कोणाच्या जिवार?” आईने विचारले.

मामाने माझ्याकडे बोट केले. “पयलो गुळो बाय घालतली.”

“पूण चेडवांक दर म्हयन्याक...” आई घुटमळली.

“त्या दिसांचें आतां कोण पळयता? जग बदललां,” मामा म्हणाला. तो हे मनापासून म्हणाला. “हांव म्हणटां, माती कितें दादल्यांचीच?”

मामी विळीवर तवशी, मोठी काकडी, चिरत होती. मी तिच्याकडे पाहिले. तिने तवशी उलटी केली, एवढेच. चिरण्याचा आवाज तसाच चालू राहिला.

सोमवारपर्यंत मला जेवण गेले नाही. पातोळ्या केल्या होत्या, हळदीच्या पानाचा वास सगळ्या घरात होता, आणि मी एक पातोळी हातात घेऊन परसात कोंबड्यांना घातली. मनात हिशेब चालायचा. पाट घेतला तर मी आयुष्यभर बांधली जाणार, आणि माझ्या नीरफणसांमुळे एका घराचा देव दर वर्षी बिघडणार. नको म्हटले तर पाट रिकामा नदीपलीकडे जाणार, तोही नव्या चुलीचा, पहिल्याच वर्षी. आणि मामाने ज्याला उतर म्हणतात तो शब्द दिलेला होता.

बाबुलोकाका न्याहारीच्या वेळेला आला. पाट फणसाच्या लाकडाचा, इतका नवा की वास येत होता. त्यावर लाल फडक्यात नारळ. मामाने समई लावली, धुतलेले धोतर नेसून बसला, आणि मला बोलावले. “हो पाट आमची बाय घेतली. म्हज्या उपरांत तीच.”

“चेडूं?” बाबुलोकाका म्हणाला. मग सभ्यपणे, “बरें, बरें. शिकिल्लें आसा न्हय. इंग्लीश.”

“इंग्लिशीत माती भिजता काय बघूया,” भिकूतात्या पुटपुटला, आणि आईने त्याच्याकडे रोखून पाहिले.

मामाने पाटाला हळदकुंकू लावले. मातीचा गोळा उचलून माझ्या ओंजळीत ठेवला. गार होता आणि वाटला त्याहून जड. त्याच वेळी मामी चहाचा ट्रे घेऊन दारातून आली आणि सगळे पाटाभोवती आहेत हे बघून भिंतीशी, आपल्या नेहमीच्या जागेजवळ थांबली. ट्रे धरलेल्या तिच्या बोटांवर कालची माती वाळलेली होती. तिने ती धुतली नव्हती, चहा ठेवायची घाई झाली असेल.

पुढे काय झाले ते इथेच सांगून टाकते, कारण ते आठवले की अजूनही माझा श्वास मोकळा होतो. मी बोलले तेव्हा मामाने आधी समईची वात सारखी केली. बाबुलोकाकाने एकदा पाटाकडे, एकदा मामीकडे पाहिले आणि म्हणाला, “म्हाका गणपती मेळ्ळो म्हळ्यार जालें.” मामाने मामीकडे मान वळवली आणि तिने ट्रे माझ्या आईच्या हातात देऊन माझ्या ओंजळीतला गोळा घेतला. मी त्या दुपारी उरलेल्या सगळ्या पातोळ्या खाल्ल्या. चवथीला त्या नव्या चुलीच्या घरी गेलेला गणपती थोडा गालफुगा होता, पण उंदीर बघायला नदीपलीकडची माणसे आली. वर्ष फिरायच्या आत मामा सगळ्यांना सांगू लागला की ही कल्पना त्याची. आणि कधी तरी, मला म्हापशाच्या बसवर सोडायला आला असताना, त्याने कबूल केले की त्या नीरफणसापासून त्यालाही झोप नव्हती. “हांव भियेल्लों गो बाय. तुका जाय म्हूण दिसलें. ना कशें म्हणूं?” मग तो इतका हसला की कंडक्टरने वळून पाहिले. आम्ही दोघे एकमेकांचे मन मोडू नये म्हणून एका घराचा देव पणाला लावायला निघालो होतो. मी पणजीला गेले, पण कलेच्या कॉलेजात नव्हे. इतिहास घेतला. आईला ते समजावायला एक वर्ष लागले, आणि मग एका चवथीला मामीने तिला भिंतीकडेला आपल्या शेजारी बसवून उंदराचा पहिला कान लावायला दिला.

पण त्या सकाळी यातले काहीच मला ठाऊक नव्हते. समईची वात तडतडत होती, ओंजळीतली माती उबदार होऊ लागली होती, आणि सगळे माझ्या हातांकडे बघत होते. मी मात्र मामीच्या हातांकडे बघत होते. मग आवाज आला, आणि तो माझाच होता.

“मामा, ती काणी हांवें मामीक सांगिल्ली, तुमकां न्हय. पाट परत धाडूं नाकात. मामीच्या हातांत दियात.”